जुना लॉग कोण पुसणार?

मंडळी, चोरी करताना सापडलेल्या पोराला मोठ्यांच्या तुरुंगात टाकलं तर तो काय शिकणार? पुढची चोरीच!

मुंबईत १८५७ साली डेव्हिड ससून यांच्या नावाने सुधारशाळा निघाली, ती पोराच्या हाताला हुन्नर द्यायला. १९२४च्या मुंबई बाल कायद्याने मुलांसाठी वेगळ्या न्यायालयाची सोय केली. आमचं मुरुड तेव्हा निजामाच्या राज्यात, त्यामुळे हा कायदा इथे लागूच नव्हता.

पण हुन्नर शिकलेल्यालाही 'चोर' म्हणून कोणी कामावर घेतलं नाही, तर? पुन्हा जुनीच वाट. म्हणून २०१५चा बाल न्याय कायदा म्हणतो, अपिलाची मुदत संपली की दोषसिद्धीची नोंद नष्ट करा. (१६ ते १८ वयाच्या, घोर गुन्ह्यात प्रौढासारखा खटला चाललेल्यांना ही सवलत नाही.) आपल्या भाषेत, लॉग डिलीट!

सरकारी फाईल पुसली जाईल हो. गावाच्या तोंडातली आपणच पुसायची.