भाग ३७ : डंडी, ताग आणि काकांचा स्पेक्ट्रम

लोकलमध्ये असाल, जिममध्ये असाल, नाहीतर भांडी घासत असाल, तर डोळ्यांसमोर फक्त एक गोणपाट आणा. कांद्याची गोण, तांदळाचं पोतं, बाथरूमबाहेर टाकलेलं पायपुसणं, काहीही चालेल. ताग आपल्याकडे बंगालात पिकतो, हे शाळेत पाठ केलेलं असतं. पण एकोणिसाव्या शतकात जगभरची पोती ज्या शहरात विणली जायची ते शहर बंगालात नव्हतं. ते होतं स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर, टे नदीच्या मुखाशी. नाव डंडी. थंडी, पाऊस, समुद्रावरचा वारा आणि तागाचं एकही रोप नाही. मग ताग तिथे गेलाच कसा?

ते सांगतोच. पण हा भाग मी का करतोय ते आधी सांगतो, कारण माझ्या बाकीच्या भागांसारखा हा फक्त पुस्तकं वाचून केलेला नाही. दोन वर्षांपूर्वी कंपनीने मला सहा महिन्यांसाठी एडिंबराला ऑनसाइट पाठवलं. कामाचं नाव केटी, म्हणजे नॉलेज ट्रान्सफर. आयटीवाल्यांना वेगळं सांगायला नको. बाकीच्यांसाठी: तिकडची माणसं वर्षानुवर्षं जे काम करतायत ते त्यांच्याकडून शिकून घ्यायचं, लिहून काढायचं आणि मग ते काम पुण्याला आणायचं. ज्यांच्याकडून शिकायचं त्यांनाही हे माहीत असतं आणि आपल्यालाही. मला शिकवायला जे होते ते पन्नाशी ओलांडलेले, आठवड्यातून दोन दिवस डंडीहून ट्रेनने यायचे. समोर मी त्यांना नावानेच हाक मारायचो, तिकडे तशीच पद्धत आहे. मनात मात्र ते काकाच होते, म्हणून इथेही काकाच म्हणतो.

काकांचा जन्म १९७१ चा, लॉकी भागातला. लॉकी म्हणजे डंडीच्या गिरण्यांचा गाभा. तिथे कॉक्स ब्रदर्सची कॅम्परडाउन वर्क्स ही अवाढव्य गिरणी होती. ऐन भरात तिच्यात ५,००० च्या आसपास माणसं काम करायची. तिची चिमणी, कॉक्सेस स्टॅक, १८६५-६६ मध्ये बांधलेली, ८६ मीटर उंच, रंगीत विटांची नक्षी असलेली. आजही उभी आहे. काका म्हणाले, लहानपणी खेळता खेळता कितीही लांब गेलो तरी घर सापडायचं, चिमणीकडे तोंड करून चालायचं बस.

आता ताग तिथे कसा पोचला ते बघू. डंडी आधीपासून कापडाचं गाव होतं, पण लिननचं. जवसाच्या झाडापासून निघणारा धागा, तो बराचसा रशियातून यायचा. ईस्ट इंडिया कंपनीमुळे बंगालचा ताग ब्रिटनमध्ये आला, पण तो इतका राठ आणि कोरडा की यंत्रावर तुटायचा. उपाय सापडला बंदरात. डंडीची जहाजं आर्क्टिक समुद्रात देवमाशांच्या शिकारीला जायची, त्यामुळे गावात देवमाशाचं तेल भरपूर. तागाला ते तेल आणि पाणी पाजलं की तो मऊ पडतो आणि यंत्रावर कातता येतो. १८३० च्या दशकात हे जमलं. पुढे क्रिमियाच्या युद्धात रशियाचं जवस अडकलं, मग अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, सैन्यांना पोती, तंबू, गाड्यांवरची आच्छादनं हवीच होती. दुसऱ्यांची युद्धं आणि डंडीची चांदी. १९०० च्या सुमारास शहरातली जवळपास निम्मी कामकरी माणसं तागावर जगत होती.

आणि ही माणसं म्हणजे बहुतेक बायका होत्या, हे मला या सगळ्यात सगळ्यात भारी वाटतं. बाईला मजुरी कमी द्यावी लागते, एवढाच मालकांचा हिशेब. पण परिणाम असा झाला की घरात कमावणारी आई आणि घरी बसलेला बाप, असं चित्र गल्लोगल्ली दिसू लागलं. पोरगा लहान असेपर्यंत गिरणीत घ्यायचे, अठराचा झाला, पूर्ण पगार मागायला लागला की बाहेर. मग पुरुष घर सांभाळायचे, मुलं बघायचे, चहाचं आधण ठेवायचे. अशा नवऱ्यांना डंडीत शब्दच होता, ‘केटल बॉयलर’, म्हणजे किटली उकळवणारा. शहराला लोक ‘शी टाउन’ म्हणायचे. तिथल्या बायका तोंडाने फटकळ, संपाला पुढे, शनिवारी स्वतःच्या पैशाने दारू पिणाऱ्या, म्हणून बाहेरचे सभ्य लोक नाकं मुरडायचे. कमावत्या बाईला नाकं मुरडायचा धंदा जगभर एकसारखाच चालतो.

काकांची आजी कॅम्परडाउनमध्ये मागावर होती. विणणारी होती, कातणारी नव्हे, हे काकांनी मला दोनदा सांगितलं. कारण विणणाऱ्या बायका डोक्यावर हॅट आणि हातात मोजे घालून कामाला जायच्या आणि कातणाऱ्यांना खालच्या समजायच्या. एकाच गिरणीच्या भिंतीआड ही उतरंड! गरिबीतही आपल्यापेक्षा खाली कुणीतरी लागतंच माणसाला.

आजी जवळजवळ बहिरी होती. मागांच्या खडखडाटात पंधरावीस वर्षं काढल्यावर कान जायचेच. म्हणून गिरणीतल्या बायका ओठ वाचून आणि हातवारे करून बोलायच्या. काका सांगायचे, आम्हा पोरांना घरात कुजबुज करून काही उपयोग नसायचा. आजीला ऐकू यायचं नाही, पण खोलीच्या पलीकडच्या टोकाहून आमचे ओठ वाचून ती ओरडायची. ते हे हसत हसत सांगायचे. मीही हसलो.

मग एका रविवारी मी डंडीला गेलो. व्हर्डंट वर्क्स नावाची जुनी गिरणी आहे, १८३३ ची, आता तागाचं म्युझियम आहे. तिथे जुनी यंत्रं चालवून दाखवतात. मोजकी यंत्रं, तीही थोडा वेळ, तरी शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येईना. अशी शेकडो यंत्रं, दिवसभर, हवेत तागाची धूळ, तेलाचा वास. नवीन आलेल्या मुलींना सुरुवातीला धुळीने ताप यायचा, त्यालाही ‘मिल फीव्हर’ असं घरगुती नाव. मुलं अर्धा दिवस गिरणीत आणि अर्धा दिवस शाळेत, त्यांना ‘हाफ टाइमर’ म्हणायचे. आजीचा तो गमतीचा किस्सा तेव्हा मला जरा वेगळा ऐकू आला. पण म्हणून काकांच्या आठवणी खोट्या ठरत नाहीत. पोराला आजी दिसते, तिचं बहिरेपण त्याच्यासाठी तिच्या चष्म्यासारखंच तिचा भाग असतं. ते बहिरेपण कुठून आलं, त्याची भरपाई कुणी द्यायला हवी होती, हे विचारायचं काम नातवाचं नाही, इतिहासाचं आहे. आठवणींना नॉस्टॅल्जिया म्हणून उडवून लावणारे लोक मला म्हणूनच आवडत नाहीत. दोन्ही शेजारी ठेवून ऐकावं लागतं.

त्यांच्या बाकीच्या आठवणी ऐकायला मजा यायची. दगडी इमारती, मागच्या बाजूला लांब सज्जा, त्याला ‘प्लेटी’ म्हणायचे, तिथे कपडे वाळत आणि बायकांच्या गप्पा. गिरणीच्या भोंग्याला ‘बमर’. बीफचा खिमा भरलेली ब्रायडी, आपल्या करंजीची धिप्पाड बहीण. आणि गुरुवारची कॉमिक्स. ‘डँडी’ १९३७ साली आणि ‘बीनो’ १९३८ साली निघालं, दोन्ही डंडीच्याच डी. सी. थॉमसन कंपनीची. डंडी म्हणजे ज्यूट, जॅम आणि जर्नलिझम अशी म्हणच आहे. खरं सांगायचं तर जॅम आणि जर्नलिझम मिळूनही तागाच्या आसपास पोचत नव्हते, पण तीन ‘ज’ कानाला बरे लागतात.

मग तागाचं झालं काय? इथे आपण येतो. १८५५ साली कोलकात्याजवळ रिश्रा इथे पहिली ताग गिरणी निघाली. यंत्रं डंडीहून आलेली. पुढे हुगळीच्या काठाने गिरण्यांची रांगच लागली. त्या चालवायला मॅनेजर, ओव्हरसीयर, मेकॅनिक डंडीहूनच गेले. गावात त्यांना ‘ज्यूटवाला’ म्हणायचे, आपल्याच ‘वाला’वरून. घरी साधा फोरमन असलेला माणूस तिकडे नोकरचाकर ठेवून राहायचा. हळूहळू कोलकात्याने डंडीला मागे टाकलं. ताग तिकडचा, मजूर तिकडचे, मजुरी कितीतरी कमी. १९३० च्या दशकात डंडी लंडनकडे हात जोडत होती की हिंदुस्थानातून येणाऱ्या मालावर जकात लावा, आणि लंडन ऐकत नव्हतं. साम्राज्याच्या पोटातलंच एक शहर साम्राज्यापासून वाचवा म्हणतंय!

हे वाचून मी दुसऱ्या दिवशी काकांना विचारलं, तुमच्या गावात आम्हा लोकांवर राग होता का? ते म्हणाले, आजी कोलकात्याचं नाव काढून शिव्या घालायची. मग थोडं थांबून म्हणाले, “आमच्या लोकांनी तुमच्याकडे माग नेऊन शिकवलं. आता मी तुला शिकवतोय. फक्त मला नोकरचाकर मिळणार नाहीत.”

मी काय बोलणार? लॅपटॉपकडे बघत बसलो.

पण ही तुलना मला पूर्ण पटत नाही, ते इथे बोलतो, तिथे बोललो नव्हतो. हुगळीकाठच्या गिरण्यांवर कित्येक दशकं ताबा ब्रिटिश कंपन्यांचाच होता. बिहार-बंगालमधून आलेला मजूर तिथे बस्तीत राहून जे कमवायचा त्याला जिंकणं म्हणता येत नाही. आणि डंडीतला नफा तरी डंडीत राहिला का? तागाच्या श्रीमंतांनी ब्रॉटी फेरीत समुद्राकाठी वाडे बांधले आणि पैसा जगभर गुंतवला. टेक्सासमधलं मॅटडोर नावाचं भलंमोठं रँच १८८२ मध्ये डंडीच्याच पैशावर घेतलेलं. विचार करा, लॉकीतल्या बाईच्या घामातून टेक्सासमध्ये गुरं चरतायत. लॉकीची आजी कोलकात्याला शिव्या देत होती, कारण ब्रॉटी फेरीच्या वाड्यात काय चाललंय ते तिला दिसत नव्हतं. काम एका गावातून दुसऱ्या गावात जातं तेव्हा दोन्हीकडचे कामगार एकमेकांकडे संशयाने बघतात, आणि ज्याने ते हलवलं तो दोघांच्याही समोर नसतो. माझ्या टीमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर गेल्या वर्षी असंच काहीसं चाललं होतं, आमचं काम आता कुठल्या स्वस्त ठिकाणी जाणार यावर. सहा महिने काकांसमोर बसल्यामुळे मी त्यात फारसा बोललो नाही.

कॅम्परडाउन १९८१ मध्ये बंद झाली. काका तेव्हा दहा वर्षांचे. पण त्यांची आई तागात गेलीच नव्हती. दुसऱ्या महायुद्धानंतर डंडीत टायमेक्सने घड्याळांचा कारखाना काढला. १९७० च्या दशकात तिथे ७,००० च्या आसपास लोक होते, त्यातही बायका जास्त. गिरणीपेक्षा स्वच्छ, उजेडाचं, बारीक हातांचं काम. घड्याळांचा धंदा उतरला तेव्हा टायमेक्सने दुसऱ्यांचा माल बनवायला घेतला. त्यात होते सिंक्लेअर कंपनीचे झेडएक्स८१ आणि १९८२ पासून झेडएक्स स्पेक्ट्रम. रबराच्या बटणांचा, टीव्हीला जोडायचा छोटा कॉम्प्युटर, किंमत १२५ पौंडांपासून पुढे. ऐंशीच्या दशकात भारतातही त्याची परवान्याने बनवलेली आवृत्ती विकली जायची, तुमच्यापैकी कुणाच्या काका-मामांकडे असेलही.

डंडीत मात्र स्पेक्ट्रम घरोघर होता, आणि सगळेच दुकानातून आले नव्हते, असं अख्खं गाव डोळा मारत सांगतं. कारखान्याच्या मागच्या दाराने, कोटाच्या आतून. काकांच्या घरचा कुठून आला, हे मी विचारलं. ते म्हणाले, आईच्या कोटाला खिसे फार मोठे होते. अकरा वर्षांच्या त्या पोराने त्यावर बेसिक शिकलं. चाळीसएक वर्षांनी बँकांचे हिशेब रात्रीत जुळवणारा जो कोड मी त्यांच्याकडून शिकत होतो, त्याची सुरुवात तिथे आहे.

अशी पोरं गावात एकटीदुकटी नव्हती. किंग्सवे कॉलेजातल्या कॉम्प्युटर क्लबमध्ये चार पोरं भेटली, त्यातला डेव्हिड जोन्स टायमेक्समध्येच शिकाऊ होता. नोकरी गेल्याचे जे पैसे मिळाले त्यातून त्याने अमिगा कॉम्प्युटर घेतला. त्यांची कंपनी डीएमए डिझाइन. १९९१ मध्ये ‘लेमिंग्ज’ आणि १९९७ मध्ये, मंडळी, ‘ग्रँड थेफ्ट ऑटो’! हो, तुमच्या फोनवर, पीसीवर असलेला तोच जीटीए. त्याच वर्षी डंडीच्या अॅबर्टे विद्यापीठाने गेम बनवण्याची पदवी सुरू केली, जगातली पहिली मानतात ती.

ही गोष्ट नेहमी इथेच थांबवतात. ताग गेला, गेम आले, शाबास डंडी. काकांना ही आवृत्ती सहन होत नाही. कारण मध्ये १९९३ आहे. जानेवारीत टायमेक्सने कपात जाहीर केली, कामगारांनी संप केला, परत आले तर त्यांना गेटबाहेर ठेवलं. मग त्यांच्या जागी दुसरी माणसं बसमधून आत आणायला सुरुवात झाली. गेटवर महिनोन् महिने धरणं, बायका सगळ्यात पुढे, पोलिसांशी झटापटी. ऑगस्टमध्ये कारखाना कायमचा बंद. काका बावीस वर्षांचे होते, आईला डबा द्यायला गेटवर जायचे. “बसमध्ये बसलेल्यांतले काही आमच्या गल्लीतले होते,” एवढंच म्हणाले. त्यातल्या एका घराशी त्यांची आई शेवटपर्यंत बोलली नाही. असेंब्ली लाइनवरच्या पंचेचाळिशीच्या बाईला गेम कंपनीने नोकरी दिली नाही, देणारही नव्हती.

आमची केटी ठरल्याप्रमाणे संपली. काकांनी १४० पानांचं डॉक्युमेंट लिहून दिलं, इतकं स्वच्छ की आजही काही अडलं तर टीममध्ये कुणीतरी म्हणतं, काकांच्या पुराणात बघ. त्यांना पैसे देऊन मोकळं केलं. मी त्यांना या भागाबद्दल विचारलं तेव्हा त्यांनी नाव नको म्हटलं आणि एक अट घातली, आजी विणणारी होती हे स्पष्ट सांग. सांगितलं.

तुमच्या गावात गिरणी, कारखाना, भोंगा असं काही होतं का? घरातल्या आजी-आजोबांना विचारा आणि व्हॉइस नोट पाठवा. पुढच्या भागात हुगळीच्या काठावर, रिश्राला जाऊ. तोपर्यंत, काळजी घ्या.