चिल्का सरोवराकाठची आडवाट

१८०३ साली कटक प्रांतावरील नागपूरकर भोसल्यांची सत्ता संपुष्टात आली. त्या प्रसंगाचे वर्णन करताना बाराबाटी किल्ल्याच्या पाडावाचा उल्लेख हटकून होतो. परंतु या सत्तेचा निकाल त्यापूर्वी महिनाभर आधीच, चिल्का सरोवराकाठच्या एका आडवाटेवर लागला होता.

ओडिशाच्या किनाऱ्यावरील हे मचूळ पाण्याचे सरोवर सुमारे ६४ किलोमीटर लांब आहे. दक्षिणेकडून येणाऱ्यास त्याला वळसा घालण्याचे दोन मार्ग. पहिला पश्चिमेचा, पूर्वघाटाच्या टेकड्या आणि पाणी यांच्यामधून रंभा, बालुगाव, खुर्दा असा जाणारा. आजचा चेन्नई–कोलकाता महामार्ग व लोहमार्ग याच बाजूने जातात. दुसरा पूर्वेचा, सरोवर आणि समुद्र यांमधील वाळूच्या चिंचोळ्या पट्टीवरून मालूद व माणिकपाटणामार्गे पुरीस पोहोचणारा. या वाटेवर सरोवराचे मुख नावेने ओलांडावे लागे. कांचीच्या स्वारीवर निघालेल्या जगन्नाथ-बलभद्रांना दही देणाऱ्या माणिका गवळणीवरून माणिकपाटणा हे नाव पडले, अशी आख्यायिका आहे.

१७५१ च्या तहाने अलिवर्दीखानाने ओडिशा रघूजी भोसल्यांकडे सोडला. त्यामुळे इंग्रजांचे बंगाल व मद्रास हे इलाखे किनाऱ्यावर एकमेकांपासून तुटलेले राहिले. १७८१ मध्ये कर्नल पीयर्सची फौज मद्रासेकडे नेतानाही भोसल्यांची मनधरणी करावी लागली. हा अडसर दूर करण्याची संधी लॉर्ड वेलस्लीने १८०३ च्या युद्धात साधली.

दुसऱ्या रघूजींची मुख्य फौज तेव्हा शिंद्यांसमवेत दख्खनेत गुंतली होती. सप्टेंबरमध्ये गंजामहून निघालेल्या इंग्रज फौजेने पूर्वेची वाट धरली. तिचे नेतृत्व कर्नल हारकोर्टकडे होते. एका बाजूस समुद्र, दुसऱ्या बाजूस सरोवर आणि पुढे पाण्याचा अडथळा. अशा ठिकाणी मूठभर शिबंदीलाही शत्रूस खोळंबवून ठेवता आले असते. पण मालूदचा जहागीरदार फतेह महंमद इंग्रजांस मिळाला. १४ सप्टेंबरला माणिकपाटणा प्रतिकाराविना हाती लागले, १८ तारखेस पुरी. मंदिराचे पावित्र्य राखावे, अशी वेलस्लीची फौजेस सक्त ताकीद होती. १४ ऑक्टोबरला बाराबाटी पडला आणि १७ डिसेंबरच्या देवगावच्या तहाने कटक प्रांत कायमचा गेला. फतेह महंमदास मालूदच्या जमिनीवर करमाफी मिळाली.

याला फितुरी म्हणून मोकळे होणे सोपे आहे. मराठ्यांनी जगन्नाथाच्या सेवेत उणे पडू दिले नाही. कोणार्कचा अरुणस्तंभ त्यांच्याच काळात पुरीच्या सिंहद्वारी आला. तथापि देवस्थानाची निगा राखणे वेगळे आणि सीमेवरच्या माणसास आपलेसे करून ठेवणे वेगळे. महसुलाच्या वसुलीपलीकडे ज्याच्याशी नाते उरत नाही, तो राज्यासाठी वाट अडवून का उभा राहील?

आज पुरीहून सातापाडापर्यंत उत्तम रस्ता आहे. तेथून वाहनांसह नावेने जन्हीकुडा गाठावे, आणि मालूद, पालूर करीत गंजामकडे उतरावे. महामार्गाच्या गजबजाटापेक्षा ही वाट निवांत आहे. जगन्नाथाच्या दर्शनास जाणाऱ्या मराठी कुटुंबांनी ती एकदा तरी धरावी. बाराबाटीचा खंदक पाहून जे उमगत नाही, ते या वाळूच्या पट्टीवर उभे राहिल्यावर उमगते.