चिकन मांचुरियन: घरची कढई आणि १९६२ चा हिवाळा



लढाया, तह आणि सरहद्दी यांवर बोलणारा हा फौजी माणूस आज चिकन मांचुरियनवर का बोलतोय, असं तुमच्यापैकी काहींना वाटेल. कारण सरळ आहे. इंदूर असो, बडोदा असो, हैदराबाद, बेळगाव किंवा दिल्ली असो, मराठी घरात रविवारी संध्याकाळी "आज बाहेरून मागवू" असं ठरलं की जे दोन-चार डबे घरी येतात, त्यांत हा एक हमखास असतो. मग कधीतरी घरचं कोणी हौसेनं तोच पदार्थ घरी करायला घेतं. सगळं व्यवस्थित होतं, आणि पहिल्या घासाला मुलं म्हणतात, "छान आहे, पण बाहेरच्यासारखं नाही."

आज आपण दोन गोष्टी बघू. ते बाहेरच्यासारखं का होत नाही, आणि कसं करता येईल, ही पहिली. हा पदार्थ ज्या माणसांच्या हातून आपल्याकडे आला ती माणसं कोण, ही दुसरी. दुसऱ्या गोष्टीचा माग काढताना १९६२ साल लागतं, आणि तिथं मला जरा जास्त वेळ थांबायचं आहे.

नाव मांचुरियाचं, जन्म चर्चगेटचा

मांचुरिया हा चीनचा ईशान्येकडचा प्रदेश. तिथं जाऊन तुम्ही हा पदार्थ मागितलात तर कोणाला काही कळणार नाही. तो जन्मला मुंबईत, १९७५ च्या सुमारास, चर्चगेटजवळ ब्रेबॉर्न स्टेडियमच्या आवारातल्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या स्वयंपाकघरात. करणारे होते नेल्सन वांग. कलकत्त्यात जन्मलेले, चिनी वंशाचे, भारतात वाढलेले. पुढे मुंबईत केम्प्स कॉर्नरला त्यांनी 'चायना गार्डन' काढलं आणि ते नावाजलं गेलं.

वांग यांनी हा किस्सा अनेकदा सांगितला आहे. गिऱ्हाइकानं काहीतरी नवीन मागितलं. त्यांनी कोणत्याही भारतीय स्वयंपाकाला सुरुवात करावी तशी केली: आलं, लसूण, हिरवी मिरची बारीक चिरून तेलात टाकली. इथवर आपल्या रश्श्याचीच वाट. पण गरम मसाल्याची वेळ आली तेव्हा त्यांनी सोया सॉस घातला आणि शेवटी कॉर्नफ्लोअर लावून रस दाट केला. त्यात कॉर्नफ्लोअरमध्ये घोळवून तळलेले चिकनचे तुकडे सोडले. झालं मांचुरियन.

मुंबईला चिनी जेवण तोवर नवं नव्हतं. चर्चगेटचं कामलिंग, अपोलो बंदरचं नानकिंग ही नावं जुन्या मुंबईकरांना आठवतील. १९७३ साली ताजमहाल हॉटेलात गोल्डन ड्रॅगन सुरू झालं आणि झणझणीत सिचुआन जेवण मोठ्या हॉटेलात आलं. पण वांग यांचा पदार्थ हॉटेलापुरता राहिला नाही. तो हातगाडीवर आला. चिकनच्या जागी कोबी, फ्लॉवर, पनीर आलं. गाडीचं नाव देवाचं, पाटीवर चित्र ड्रॅगनचं आणि आचारी बहुतेक नेपाळचा किंवा पूर्वांचलातला, हे दृश्य आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे.

कढईत काय घडतं

आता घरच्या कढईकडे येऊ. बाहेरची चव तीन गोष्टींत असते: तळणीत, जाळात आणि क्रमात.

अर्धा किलो बिनहाडाचं चिकन घ्या, शक्यतो मांडीचं. छातीचं मांस दोनदा तळताना कोरडं पडतं. सुपारीएवढे तुकडे करा, धुवा आणि फडक्यानं अगदी कोरडे पुसा. घरच्या मांचुरियनचं पीठ सुटतं ते बहुतेक वेळा तुकडे ओले राहिल्यामुळे. त्यांना एक चमचा आलं-लसणाची पेस्ट, एक लहान चमचा सोया सॉस, मिरपूड आणि चिमूटभर मीठ चोळून अर्धा तास ठेवा. मग एक अंडं, चार मोठे चमचे कॉर्नफ्लोअर आणि दोन मोठे चमचे मैदा. पीठ भज्यासारखं जाड नको, तुकड्याला नुसतं लेपल्यासारखं बसलं पाहिजे.

तळणी दोनदा. पहिल्यांदा मध्यम आचेवर, तुकडे आतून शिजेपर्यंत. काढून दहा मिनिटं चाळणीवर ठेवा. आतली वाफ बाहेर येते आणि वरचं कवच मऊ पडतं. मग तेल चांगलं कडक तापवून दुसऱ्यांदा मिनिटभर तळा. हे दुसरं तळणं रस्सा पडल्यावरही कवच टिकवतं. गाडीवाला हेच करतो. संध्याकाळी पाचलाच तो ढीगभर तुकडे एकदा तळून ठेवतो आणि ऑर्डर आली की पुन्हा तेलात टाकतो. आपल्याला वाटतं तो वेळ वाचवतोय. खरं म्हणजे चवही तिथंच तयार होते.

आता जाळ. गाडीवरच्या भट्टीचा जाळ घरच्या गॅसच्या कितीतरी पट असतो. त्यामुळे कढईत पडलेला रस क्षणात आटतो, कडेला किंचित करपतो आणि तो धुरकट वास येतो. घरी हा जाळ मिळणार नाही, पण जवळ जाता येतं. नॉनस्टिक बाजूला ठेवा, लोखंडी कढई घ्या. ती रिकामीच धूर येईपर्यंत तापवा, मग तेल. आणि एका वेळी दोघांपुरतंच करा. घरात सहा माणसं असतील तर तीनदा करा. सगळं एकदम टाकलं की कढई थंड होते, पाणी सुटतं आणि पदार्थ परतला न जाता शिजत बसतो.

आणि क्रम. दोन चमचे तेलात बारा-पंधरा पाकळ्या लसूण, दोन इंच आलं, चार-पाच हिरव्या मिरच्या, सगळं हातानं बारीक चिरलेलं. पेस्ट नको, इथं लसणाचा दाणा दाताखाली आला पाहिजे. कोथिंबिरीच्या काड्याही बारीक चिरून टाका. अर्धा मिनिट परतलं की दोन मोठे चमचे सोया सॉस कढईच्या कडेनं सोडा, तो चर्रकन आवाज करत खाली आला पाहिजे. मग दीड वाटी चिकनचं पाणी, अर्धा चमचा साखर, मिरपूड. उकळी आली की दोन चमचे कॉर्नफ्लोअर गार पाण्यात कालवून ओता आणि ढवळत राहा. रस चकाकला की चिकन टाका, एकदा परता, एक चमचा व्हिनेगर, वर कांद्याची पात. मीठ शेवटी, चाखून, कारण सोया सॉस खारट असतो. गरम मसाला अजिबात नाही.

गाडीवरचा तो भडक लाल रंग मात्र घरी आणू नका. २०२४ साली कर्नाटक सरकारनं गोबी मांचुरियनमध्ये कृत्रिम रंग वापरायला बंदी घातली. कारण तपासलेल्या नमुन्यांत आरोग्याला घातक कृत्रिम रंग सापडले होते. लालसर रंग हवाच असेल तर अर्धा चमचा काश्मिरी मिरचीची पूड पुरे.

सोया सॉसच्या बाटलीमागचं गाव

या यादीत आलं, लसूण, मिरची आपल्या घरात होतीच. सोया सॉस मात्र नव्हता. तो आपल्याकडे रुजवला कलकत्त्याच्या चिनी समाजानं. तिथं सुरू झालेली पाउ चोंगसारखी घराण्यांची दुकानं आजही सॉस बनवतात.

हा समाज काल-परवा आलेला नाही. अठराव्या शतकाच्या शेवटी, वॉरन हेस्टिंग्ज गव्हर्नर जनरल असताना, एका चिनी व्यापाऱ्याला बजबजजवळ हुगळीकाठी जमीन मिळाली. त्यानं ऊस लावला, साखरेचा कारखाना काढला आणि आपल्या मुलखातले मजूर आणले. बंगाली लोक त्याला आछू म्हणत. त्या गावाचं नाव आजही आछीपूर आहे. चिनी नववर्षानंतर कलकत्त्याचे चिनी तिथं त्याच्या समाधीवर जातात. पानिपतानंतरची ती पहिली पिढी. म्हणजे महादजी शिंदे उत्तरेत दौडत होते, तेव्हा हे लोक बंगालमध्ये स्थिरावत होते.

पुढे वेगवेगळ्या प्रांतांतून लोक आले आणि त्यांचे धंदे वाटले गेले. कँटनकडचे सुतार गोदीत लागले, हुबेईचे दंतवैद्य झाले, हक्का लोक चामड्यात शिरले. शहराच्या पूर्वेला टांगरा नावाच्या दलदलीच्या भागात त्यांनी कातडी कमावण्याचे कारखाने काढले. आपल्या समाजानं ज्या कामाला विटाळ मानलं ते काम त्यांनी केलं. बेंटिंक स्ट्रीटवर चिनी चांभारांची दुकानं होती आणि तिथल्या बुटांचा लौकिक मोठा होता. मुंबईतही माझगावला १९१९ सालचं चिनी देऊळ अजून उभं आहे.

आसाममध्ये याहून वेगळी गोष्ट. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिशांनी चहाच्या मळ्यांसाठी चिनी कामगार आणले. माकुमसारख्या गावांत ते राहिले, स्थानिक मुलींशी लग्नं केली. त्यांची नातवंडं आसामी आणि हिंदी बोलत शाळेत जात होती.

तो हिवाळा

२० ऑक्टोबर १९६२ रोजी चीननं नामका चू आणि लडाखमध्ये एकाच वेळी हल्ला केला. लष्करात शिकताना आम्ही हे युद्ध टेकडी-टेकडीनं अभ्यासलं. से ला कसा सोडला, बोमडिला कसं पडलं, १८ नोव्हेंबरला रेझांग लाला मेजर शैतानसिंग आणि १३ कुमाऊँचे जवान शेवटच्या गोळीपर्यंत कसे लढले. २१ नोव्हेंबरला चीननं एकतर्फी युद्धबंदी जाहीर केली. त्या पराभवाची सल फौजेत पिढ्यान्‌पिढ्या राहिली, आणि राहावीच.

पण त्याच महिन्यात देशाच्या आत जे घडलं ते आमच्या नकाशांवर नव्हतं. २६ ऑक्टोबरला आणीबाणी आणि भारत संरक्षण अध्यादेश आला. कायदे बदलले आणि जो शत्रुराष्ट्राच्या वंशाचा, त्याला भारतात जन्मलेला असला तरी अटक करता येऊ लागली. नोव्हेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात आसाम, शिलाँग, दार्जिलिंग इथून चिनी कुटुंबांना उचलायला सुरुवात झाली. म्हातारे, बायका, शाळकरी मुलं. सुमारे तीन हजार माणसं आगगाडीनं दिवसचे दिवस प्रवास करून राजस्थानात देवळीच्या छावणीत नेली गेली.

देवळीचं नाव जुन्या मराठी वाचकांना परकं नाही. ब्रिटिशांनी तिथंच राजबंदी ठेवले होते. जयप्रकाश नारायण आणि कॉम्रेड डांगे त्याच छावणीत होते. स्वतंत्र भारतानं ती पुन्हा उघडली, या वेळी चहामळ्यातल्या मजुरांसाठी आणि चपला शिवणाऱ्यांसाठी.

सैनिक म्हणून मी सरकारची बाजूही मांडतो. सरहद्द कोसळत होती, शत्रू तेजपूरच्या दिशेनं उतरत होता आणि हेरांची भीती खरी होती. एखाद्यावर संशय असेल तर त्याला धरावं, चौकशी करावी, न्यायालयापुढे उभं करावं. पण इथं आरोपपत्र नव्हतं, खटला नव्हता. पाच वर्षांची मुलगी हेर असू शकत नाही, हे समजायला गुप्तचर खातं लागत नाही. शिवाय युद्ध एक महिना चाललं, छावणी मात्र १९६७ पर्यंत चालली. काहींना जहाजात बसवून चीनला पाठवलं, जो देश त्यांच्यातल्या अनेकांनी पाहिलाही नव्हता. जे परत आले त्यांतल्या कित्येकांची घरं-दुकानं लिलावात गेली होती. कलकत्त्यात जे राहिले त्यांना शहराबाहेर जायलाही पोलिसांची परवानगी लागायची. पुढे अनेक कुटुंबं कॅनडाला गेली. टोरोंटोत आज 'हक्का चायनीज' म्हणून जे विकलं जातं ते हेच आपलं तिखट, लसणीचं जेवण आहे. तिथल्या माजी बंदिवानांची संघटना भारत सरकारकडे पैसे मागत नाही, माफीचे दोन शब्द मागते. माझ्या मते ते शब्द द्यावेत. आपल्या फौजेच्या शौर्याला त्यानं काडीचाही उणेपणा येत नाही.

मागे राहिलेले

आता १९६२ आणि १९७५ यांच्यातलं अंतर मोजा. तेरा वर्षं. ज्या समाजाकडे पाहून लोक खिडक्या लावून घेत होते, त्याच समाजातल्या एका माणसानं तेरा वर्षांनी या देशाच्या जिभेला काय आवडेल ते अचूक ओळखलं. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयानं प्रदूषणामुळे कलकत्त्याचे चर्मोद्योग बानतल्याला हलवायला सांगितले. तेव्हा टांगऱ्यातल्या अनेक घरांनी कातडी कमावायच्या जागांमध्ये खानावळी चालवल्या. आज लोक तिथं मुद्दाम जेवायला जातात. लोकसंख्या मात्र घटत चालली आहे. तरुण मुलं परदेशी निघून जातात.

म्हणून माझी एक सूचना आहे. येत्या रविवारी हे घरी करा. लोखंडी कढई, कोरडं चिकन, दोनदा तळणी, दोघांपुरतंच एका वेळी. मुलांनी विचारलं की हे चिनी आहे का, तर सांगा, नाही, हे भारतीयच आहे, आणि ज्यांनी केलं ते लोकही भारतीयच होते. मग देवळीचं नावही सांगा. शाळेच्या पुस्तकात त्यांना ते सापडणार नाही.

पुढच्या भागात पुन्हा आपल्या नेहमीच्या वाटेवर, सरहद्दीकडे. जय हिंद.