नोंदणी अर्ज हाही दस्तऐवज असतो: परभणी, हैदराबाद आणि भारतीय फुटबॉलची नियमपुस्तिका

मित्रांनो, पेट झाली, आता सारांश लिहायचाय, पण विषय सापडत नाही, असं तुमच्यापैकी बरेच जण सांगतात. क्रीडा इतिहास म्हटलं की आपण लगेच विजेत्यांच्या याद्या, गाजलेले खेळाडू आणि करंडक यांच्याकडे धावतो. आज मी तुम्हाला उलट्या बाजूने यायला सांगणार आहे. खेळ बाजूला ठेवा आणि खेळाचा कागद बघा. कोणाची नोंदणी होते, फी कोण भरतं, ती कुणाकडे जाते आणि ती भरल्यावर नेमका कोणता हक्क मिळतो? या चार प्रश्नांवर एक अख्खा प्रबंध उभा राहू शकतो.

सुरुवात घरापासून करतो. शाळेत असताना आमच्या वर्गात एक गोलरक्षक होता. पूर्णा तालुक्यातला, उंच, हात लांब. जिल्ह्याच्या संघात त्याची निवड पक्की मानली जात होती. अर्ज भरताना शाळेच्या निर्गम उताऱ्यावर जन्मतारीख निघाली १ जून, आणि ग्रामपंचायतीच्या जन्मदाखल्यावर नोव्हेंबर. मराठवाड्यात १ जूनला जन्मलेली माणसं किती आहेत हे तुम्हाला सांगायला नको. पहिलीत नाव घालताना गुरुजींनी जी तारीख टाकली ती जन्मभर चिकटली. दोन कागद जुळेनात म्हणून अर्ज परत आला. दुरुस्ती होईपर्यंत स्पर्धा संपली. आज तो शेती करतो. भेटला की हसत म्हणतो, "मी दोनदा जन्मलो, म्हणून एकदाबी खेळलो नाही."

ही हळहळ म्हणून सांगत नाही. तो अर्ज परत आला त्यामागे शंभरावर वर्षांचा इतिहास आहे, आणि आपला विषय तिथेच आहे.

नोंदणी आली कुठून?

फुटबॉलमध्ये खेळाडूची नोंदणी आली ती पैशाच्या मागोमाग. इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने जुलै १८८५ मध्ये पैसे घेऊन खेळणं कायदेशीर केलं, पण अटी घालून: अशा खेळाडूची नोंद झाली पाहिजे, आणि चषक स्पर्धेत उतरायचं तर तो मैदानापासून ६ मैलांच्या आत जन्मलेला किंवा २ वर्षं राहिलेला असला पाहिजे. म्हणजे नोंदणीचा पहिला हेतू मोजणी हा नव्हताच. खेळाडू एका ठिकाणी बांधून ठेवणं हा होता.

पुढे २१ मे १९०४ ला पॅरिसमध्ये सात युरोपीय देशांनी फिफा स्थापन केली. तिच्या पहिल्या नियमांत दोन गोष्टी ठळक होत्या. सदस्य संघटनांनी एकमेकींना, आणि फक्त एकमेकींनाच, मान्यता द्यायची. आणि क्लब किंवा खेळाडूने एकाच वेळी दोन राष्ट्रीय संघटनांकडून खेळायचं नाही. वार्षिक वर्गणी होती ५० फ्रँक. रक्कम किरकोळ, पण अर्थ मोठा. वर्गणी भरणारी संघटना हीच त्या देशाचं फुटबॉल, बाकीचे सगळे बाहेरचे.

इथे थांबा आणि वहीत लिहून घ्या: फी ही किंमत नसते, ती मान्यतेची पावती असते. खालपासून वरपर्यंत हाच धागा आहे. क्लब जिल्हा संघटनेला वर्गणी देतो, जिल्हा राज्याला देतो, राज्य राष्ट्रीय महासंघाला. प्रत्येक पायरीवर पैशाच्या बदल्यात मिळतं ते सभेत बसण्याचं आणि मत देण्याचं स्थान. म्हणून वर्गणीचं खातं वाचताना रकमेपेक्षा भरणाऱ्यांची यादी आधी वाचा. एखाद्या वर्षी त्या यादीतून एखादं नाव गळालं असेल, तर तुमचा प्रश्न तिथून सुरू होतो.

परभणी कोणाच्या यादीत?

आता आपल्या जिल्ह्याकडे या. भारतात १८९३ मध्ये कलकत्त्याची इंडियन फुटबॉल असोसिएशन उभी राहिली. मुंबईची वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन, म्हणजे विफा, १९११ सालची. सहा प्रदेशांच्या संघटनांचे प्रतिनिधी एकत्र येऊन २३ जून १९३७ ला सिमल्याच्या लष्करी मुख्यालयात अखिल भारतीय फुटबॉल महासंघ स्थापन झाला, आणि स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये तो फिफाचा सदस्य झाला.

या सगळ्या काळात परभणी मुंबईच्या नकाशावर नव्हतीच. ती निजामाच्या हैदराबाद संस्थानातला जिल्हा होती, सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईपर्यंत. त्यानंतरही ती हैदराबाद राज्यातच राहिली, थेट १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत. त्या दिवशी राज्य पुनर्रचनेत मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात.

याचा फुटबॉलशी संबंध काय? फार मोठा. तेव्हाचं हैदराबाद म्हणजे भारतीय फुटबॉलची एक राजधानीच. सय्यद अब्दुल रहीम, ज्यांना सगळे रहीमसाहेब म्हणत, हे हैदराबादच्या संघटनेचे सचिव आणि हैदराबाद सिटी पोलीस संघाचे प्रशिक्षक. या पोलीस संघाने मुंबईत येऊन १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षं रोव्हर्स चषक जिंकला. रहीमसाहेबांच्या हाताखाली भारताने १९५१ आणि १९६२ च्या आशियाई स्पर्धांत सुवर्ण मिळवलं, १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा क्रमांक. आणि संतोष करंडक हैदराबादने जिंकला १९५६-५७ आणि १९५७-५८ मध्ये.

तारखा शेजारी शेजारी ठेवून बघा. हैदराबाद देशाचं विजेतं होत होतं त्याच हंगामात परभणी, नांदेड, औरंगाबाद, बीड आणि उस्मानाबाद हे जिल्हे त्या राज्यातून बाहेर पडले. फुटबॉलच्या भाषेत सांगायचं तर इथल्या पोराचं राज्य रातोरात बदललं. मनमाड ते सिकंदराबाद रेल्वे परभणी आणि पूर्णेवरून हैदराबादकडे जातच राहिली. कागद मात्र मुंबईकडे वळला.

खेळाडूचं राज्य ठरवते ती राज्य संघटना, आणि राज्य संघटनेची हद्द ठरवतो राजकीय नकाशा. क्रिकेटने हे पूर्णपणे मानलं नाही. महाराष्ट्रात आजही मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ अशा तीन क्रिकेट संघटना आहेत. फुटबॉलमध्ये मात्र सगळ्या महाराष्ट्राला एकच विफा. परभणीच्या पोराला राज्य संघापर्यंत जायचं तर वाट मुंबईच्या संघटनेतूनच जाते.

संशोधक म्हणून इथे एक खबरदारी घ्या. कार्यक्षेत्र आणि पोहोच या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नकाशावर जिल्हा एखाद्या संघटनेच्या हद्दीत आहे, एवढ्यावरून तिथे तिचे सामने झाले, क्लब नोंदले गेले, असं लिहू नका. ते सिद्ध करायला कागदच लागतो.

लिहिलेली फी आणि न लिहिलेली फी

नियमपुस्तिकेत फीचा तक्ता असतो, तो कोणीही वाचेल. न लिहिलेली फी शोधणं हे तुमचं काम. सगळ्यात चांगलं उदाहरण बुटांचं.

१९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये आपले बरेचसे खेळाडू अनवाणी उतरले आणि फ्रान्सकडून १-२ असे थोडक्यात हरले. १९५२ मध्ये हेलसिंकीत थंडी होती, आणि युगोस्लाव्हियाने १०-१ ने धुवून काढलं. त्यानंतर महासंघाने बूट सक्तीचे केले. खेळाच्या दृष्टीने निर्णय योग्यच. पण आता हा नियम परभणीच्या एखाद्या पालकाच्या जागेवर उभं राहून वाचा. नोंदणीची रक्कम होती तीच राहिली, पण खेळण्याचा खर्च वाढला. जो अनवाणी खेळत होता त्याच्यासाठी बुटांचा जोड हीच खरी प्रवेश फी झाली.

याच बुटांवरून साधनांची तपासणीही शिकून घ्या. "१९५० च्या विश्वचषकात फिफाने अनवाणी खेळू दिलं नाही म्हणून भारत गेला नाही" हे वाक्य तुम्ही शंभरदा ऐकलं असेल. पण आत्ताच काय वाचलंत? १९५२ मध्ये, म्हणजे दोन वर्षांनंतरही, आपले काही खेळाडू ऑलिंपिकमध्ये अनवाणी खेळले. मग बुटांचा नियम हेच मुख्य कारण कसं? बहुतेक अभ्यासक आज सरावाचा अपुरा वेळ, संघनिवडीवरचे मतभेद आणि विश्वचषकापेक्षा ऑलिंपिकला दिलेलं महत्त्व ही कारणं पुढे ठेवतात. धडा एवढाच: नियमाचं नाव घेऊन कोणी कारण सांगितलं, की आधी तो नियम कधी लागू झाला ते बघा.

वरच्या मजल्यावरची भांडणं

आता अलीकडचं. २०१७ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने महासंघाची निवडणूक क्रीडा संहितेप्रमाणे झाली नाही म्हणून रद्द ठरवली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, नवी घटना तयार करण्याचं काम सुरू झालं आणि रेंगाळलं. मे २०२२ मध्ये न्यायालयाने प्रशासकांची समिती नेमली. हा बाहेरचा हस्तक्षेप आहे, असं म्हणत फिफाने ऑगस्टच्या मध्यावर भारताला निलंबित केलं. ऑक्टोबरमध्ये इथे मुलींचा १७ वर्षांखालील विश्वचषक व्हायचा होता, अंतिम सामना नवी मुंबईत. समितीचा कारभार संपवल्यावर २६ ऑगस्टला निलंबन उठलं, आणि स्पर्धा झाली. सुधारित घटनेला सर्वोच्च न्यायालयाची मंजुरी मिळाली ती १९ सप्टेंबर २०२५ ला.

या भांडणाच्या मुळाशी प्रश्न कोणता होता? मतदार कोण. फक्त राज्य संघटना, की माजी खेळाडूही? २ सप्टेंबर २०२२ च्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीत बायचुंग भुतियाला मिळालं १ मत, कल्याण चौबे यांना ३३. बहुतेक देशाला ठाऊक असलेला खेळाडू, पण मत होतं राज्य संघटनांचं. १९०४ चा तो ५० फ्रँकचा धागा इथपर्यंत येतो. मान्यता ज्याच्याकडे, मत त्याच्याकडे.

तालुक्यातल्या पोराला याचं काय?

दोन गोष्टी सांगतो, दोन्ही रोजच्या पोटाशी जोडलेल्या.

एक. फिफाच्या नियमाप्रमाणे खेळाडू एका देशातून दुसऱ्या देशात पैसे मोजून गेला, तर त्या रकमेतले ५ टक्के त्याला १२ ते २३ या वयात घडवणाऱ्या क्लबांमध्ये वाटले जातात. पण वाटा मिळतो तो ज्याच्याकडे नोंद आहे त्याला. आज महासंघाची नोंदणी केंद्रीय संगणक प्रणालीवर चालते. जिंतूरच्या किंवा सेलूच्या मैदानावर एखाद्या सरांनी पोराला सहा वर्षं घडवलं आणि नोंद कुठेच नसली, तर कागदाच्या लेखी त्या सहा वर्षांत काही घडलंच नाही.

दोन. महाराष्ट्रात सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, दहावी-बारावीला सवलतीचे गुण आहेत. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्यांना हे तोंडपाठ असतं. प्रमाणपत्र पडताळणीला जातं तेव्हा पहिला सवाल हाच: स्पर्धा मान्यताप्राप्त संघटनेची होती का? म्हणजे जिल्हा संघटनेची वर्गणी आणि मान्यता यांचा धागा पुढे कोणाच्या तरी नोकरीपर्यंत जातो.

माझ्या त्या मित्राची तारीख नियमाने अडवली. वयचोरी रोखायला नियम हवाच. मोठी पोरं लहानांत खेळवली तर नुकसान लहानांचंच होतं. पण नियम लिहिणाऱ्याने गृहीत धरलं होतं की प्रत्येकाकडे जन्माचा एकच आणि खरा कागद असतो. आमच्याकडे तो नव्हता. नियम आणि गाव यांच्यामधली ही फट म्हणजेच संशोधनाची जागा.

मग सुरुवात कुठून?

पहिलं, धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातून. महाराष्ट्रातल्या क्रीडा संस्था बहुधा १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि १९५० च्या विश्वस्त कायद्याखाली नोंदलेल्या असतात. घटना, पदाधिकाऱ्यांची यादी, बदल अर्ज, हिशेब हे सगळं तिथल्या फायलींत असतं. दुसरं, शाळांचे जुने रजिस्टर आणि जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाची शालेय स्पर्धांची कागदपत्रं; शालेय प्रवाह आणि संघटनेचा प्रवाह वेगळे ठेवून वाचा. तिसरं, १९५६ आधीच्या काळासाठी हैदराबादचं पुराभिलेखागार. निजामकाळात कारभाराची भाषा उर्दू होती, तेव्हा लिपी शिकायला आजच बसा. आणि एक लक्षात असू द्या: १९९९ पर्यंत हिंगोली परभणी जिल्ह्यातच होती. जुन्या आकड्यांची आजच्या जिल्ह्याशी सरळ तुलना केलीत, तर मौखिक परीक्षेत पहिल्याच प्रश्नाला अडकाल.

पुढच्या आठवड्यापर्यंत एवढंच करा. घरातला एखादा जुना क्रीडा अर्ज किंवा प्रमाणपत्र शोधा. त्यावर सही कोणाची, शिक्का कोणाचा, जन्मतारीख कोणती, फी किती, हे चार ओळींत लिहा. आणि पाचव्या ओळीत लिहा की हा कागद नसता, तर त्या माणसाचं काय अडलं असतं. तुमच्या सारांशाचं पहिलं पान तिथेच तयार होईल.