जेटपॅक प्लगइन : एकात अनेक सुविधा, पण सगळ्या चालू करू नका

स्वतःच्या होस्टिंगवर वर्डप्रेस ब्लॉग चालवत असाल तर जेटपॅकचं नाव ऐकलंच असेल. ऑटोमॅटिक कंपनीने २०११ मध्ये आणलेल्या या प्लगइनमध्ये वाचकांची आकडेवारी, संबंधित लेख, साइट बंद पडल्यास ईमेल, पासवर्ड ओळखण्याच्या हल्ल्यांपासून संरक्षण असं बरंच काही मिळतं. ऑटोमॅटिक बॅकअपला मात्र पैसे पडतात.

हे प्लगइन वर्डप्रेस डॉट कॉमच्या खात्याशी जोडावं लागतं, कारण यातली बरीच कामं त्यांच्या सर्व्हरवर होतात. म्हणजे ब्लॉगची काही माहितीही तिकडे जाते.

मी कुणाला ब्लॉग सेट करून देतो तेव्हा दोन गोष्टी पाळतो :

१. खातं ब्लॉगमालकाच्याच ईमेलवर उघडायचं आणि टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करायचं. याच खात्याने लॉगिन करायची सोय सुरू असेल तर ते म्हणजे ब्लॉगची किल्लीच! उद्या साइट बनवणाऱ्याने फोन उचलला नाही, तरी ती तुमच्याच हातात हवी.

२. नको ती मॉड्यूल्स सेटिंग्जमधून बंद करायची. त्याच कामाचं दुसरं प्लगइन असेल तर दोन्ही ठेवू नका.

एखादीच सुविधा हवी असेल, तर जेटपॅक बूस्ट किंवा जेटपॅक सोशलसारखं स्वतंत्र प्लगइन पुरेसं आहे.