दर्यास विसावा

नारळी पौर्णिमेस दर्यास नारळ अर्पण करून मगच होडी पाण्यात लोटावयाची, ही कोकण किनाऱ्याची चाल आपणांस परिचित आहे. आमच्या गोव्यातील ख्रिस्ती खारवी २९ जूनला सान पेद्रूच्या फेस्तास होड्या एकत्र बांधून ‘सांगड’ मिरवितात. पावसाळ्यात खवळलेल्या समुद्राच्या भयाने होड्या किनाऱ्यास लागत. पुष्कळ मासळीच्या विणीचा काळही तोच. भय व भक्ती यांची येथे फारकत करू नये, असे आम्हांस वाटते. मासळीला विसावा मिळत होता, एवढे खरे.

यंत्रनौका आल्या आणि हा विसावा मोडला. गोवा मुक्त झाल्यावर सरकारी साहाय्याने ट्रॉलर वाढले. किनाऱ्यावरून अनेक माणसांनी मिळून ओढावयाच्या रापणीच्या वाट्याची मासळी ते उथळ पाण्यातून खरडून नेऊ लागले. सत्तरच्या दशकात माथानी साल्ढाणा यांच्या पुढारीपणाखाली रापणकार एकवटले. किनाऱ्यालगतचे पाणी पारंपरिक मच्छीमारांसाठी राखून ठेवा, ही त्यांची मागणी होती. १९७८ साली निरनिराळ्या राज्यांतील अशा संघटना एकत्र आल्या. १९८० साली गोवा, दमण व दीवचा सागरी मासेमारी नियमन कायदा झाला.

या चळवळीत धर्मगुरू कोठून आले, हा प्रश्न रास्त आहे. केरळातील फादर थॉमस कोचेरी (१९४०–२०१४) हे रिडेम्प्टोरिस्ट संघाचे पाद्री मच्छीमारांच्या वस्तीत राहावयास गेले. तेथील दारिद्र्याचे मूळ त्यांना ट्रॉलरच्या जाळ्यात दिसले. प्रार्थनेच्या जोडीला त्यांनी उपोषण व सत्याग्रह हाती घेतले. अनेक जोगिणीही त्यांच्यासमवेत उपोषणास बसल्या. त्यांच्या वरिष्ठ धर्माधिकाऱ्यांना हे सारे रुचले असे नाही. पाद्र्याने चर्चमध्ये राहावे, संप करू नये, असे मानणारे त्या वेळीही होते. तरी १९८८ साली केरळात पावसाळी ट्रॉल-बंदी आली. नारळाने जे साधत होते, त्यासाठी आता अधिसूचना लागली!

१९८९ साली पूर्व व पश्चिम अशा दोन्ही किनाऱ्यांवरून निघालेल्या यात्रा कन्याकुमारीस मिळाल्या. ‘पाणी वाचवा, जीवन वाचवा’ अशा अर्थाची त्यांची घोषणा होती. शेवटी तेथे पोलिसांचा गोळीबार झाला. १९९१ च्या धोरणाने परदेशी भागीदारीतील मोठ्या जहाजांना खोल समुद्र खुला झाला, तेव्हा १९९५ साली कोचेरींनी पोरबंदर येथे उपोषण केले. मुरारी समितीने १९९६ साली हे परवाने रद्द करण्याची शिफारस केली.

आम्ही सरकारी नोकरीत आयुष्य काढले. अधिसूचना काढणे आणि ती पाण्यावर पाळून घेणे यांतील अंतर आम्हांस ठाऊक आहे. १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस पश्चिम किनाऱ्यावर यंत्रनौकांस बंदी असते. प्रखर एलईडी दिव्यांनी मासळी ओढून पकडण्यासही केंद्राने २०१७ साली मनाई केली. तरी किनाऱ्यावर उभे राहिलेल्यास रात्री दूरवर उजेड दिसल्याची तक्रार रापणकार अजून करतात, आणि पहारा देणाऱ्या नौका थोड्याच असतात. फेस्त संपले, नारळ वाहून झाला, की होड्या पुन्हा त्याच पाण्यात उतरतात.