गोलमेजाचे शिलेदार

गोलमेज हा शब्द मराठी वाचकाच्या कानांवर आला तो राजकारणातून. १९३० ते १९३२ या काळात हिंदुस्थानच्या घटनेचा खल करण्यासाठी लंडनमध्ये तीन परिषदा भरल्या. डॉ. आंबेडकर तिन्हींना हजर होते, गांधीजी दुसरीला गेले. आणि गोलमेज म्हणजे सर्वांना सारख्या मानाने बसवून बोलणी करण्याची जागा, असा अर्थ आपल्याकडे रूढ झाला. त्या बसण्यात मान खरोखर सारखा होता की काय, हा प्रश्न निराळा. पण ज्या मेजावरून हे नाव आले ते बोलणी करण्याचे मुळीच नव्हते. ते जेवणाचे होते, आणि त्याच्या जन्माचे कारण पंगतीतला मानपान हे होते.

आर्थर नावाचा राजा इंग्लंडात कधी होऊन गेला, याला इतिहासाचा भरवशाचा पुरावा नाही. ११३६च्या सुमारास जेफ्री ऑफ मॉनमथ या धर्मपंडिताने लॅटिनमध्ये त्याची बखर लिहिली, तिच्यात पराक्रम आहेत, राज्ये आहेत, पण गोल मेज नाही. ते आले ११५५ साली, वास नावाच्या कवीच्या फ्रेंच काव्यात. वास सांगतो की दरबारातला प्रत्येक सरदार स्वतःला दुसऱ्यापेक्षा वरचढ समजे, म्हणून राजाने असे मेज केले की ज्याला वरचे टोक नाही आणि खालचेही नाही. पुढे लायामन नावाच्या इंग्रज पाद्र्याने हीच कथा आपल्या भाषेत घेतली. त्याने पाद्रीबुवांना न शोभेल इतका रंग तिच्यात भरला. नाताळची मेजवानी चालू आहे. कोणी कुठे बसावे यावरून कुरबुर होते. आधी पाव फेकले जातात, पाव संपल्यावर दारूने भरलेले रुपेरी कटोरे, मग मुठी, आणि शेवटी सुऱ्या. माणसे मरतात. राजा शिक्षा फर्मावतो ती अशी, की ज्याने भांडण सुरू केले त्याला दलदलीत बुडवून मारावे आणि त्याच्या घरच्या बायकांची नाके कापावीत. हे झाल्यावर एक सुतार पुढे येतो आणि सोळाशे माणसे बसतील असे, तरी बरोबर नेता येईल असे मेज करून देतो म्हणतो. चार आठवड्यांत मेज तयार होते.

लग्नाच्या पंगतीत पाटावरून रुसवे झालेले ज्याने पाहिले आहेत, त्याला ही कथा परकी वाटू नये. मला तिच्यात एवढेच ध्यानात घेण्यासारखे वाटते, की समतेचे ते प्रसिद्ध मेज कापलेल्या नाकांच्या पायरीवरून आत आले.

इंग्रजीतल्या ‘नाइट’ला मी इथे शिलेदार म्हणतो. स्वतःचा घोडा आणि स्वतःचे हत्यार बाळगणारा तो शिलेदार, बारगीर नव्हे. आर्थरच्या या शिलेदारांचे रीतिरिवाज पुढच्या तीनशे वर्षांत फ्रेंच आणि इंग्रज कथाकारांनी एकेक करून रचले. मोठ्या सणाच्या दिवशी एखादे नवल घडल्यावाचून किंवा ऐकल्यावाचून राजाने ताटावर बसायचे नाही. नवल बहुधा दारातूनच येई: एखादी गांजलेली बाई, एखादा आव्हान देणारा परका. मग कोणीतरी विडा उचलावा तसे ते काम अंगावर घ्यायचे आणि एकट्याने निघायचे. परत आल्यावर जे घडले ते शपथेवर सांगायचे, मानाचे तसे अपमानाचेही, आणि कारकुनांनी ते लिहून घ्यायचे. हरवलेल्या शत्रूने अभय मागितले तर त्याला जिवंत सोडून दरबारात रुजू व्हायला पाठवायचे. तो आपल्या पायांनी येतो आणि ‘मला अमक्याने जिंकले’ असे स्वतःच्या तोंडाने सांगतो. पहारेकरी नाही, बेडी नाही. त्याचा शब्द हीच बेडी. मेजाभोवती एक आसन रिकामे. त्यावर नालायक बसला तर प्राणाला मुकेल. ते गॅलहॅडची वाट पाहत राहिलेले.

मान या वस्तूचे वजन किती होते, ते बाराव्या शतकातल्या क्रेत्यां द त्रुआ या फ्रेंच कवीने एका प्रसंगात दाखवले आहे. राणी ग्विनिव्हीअरला एका दुष्टाने पळवले आहे. तिच्या शोधात निघालेल्या लान्सलॉटचा घोडा मेलेला. वाटेत एक ठेंगू माणूस गाडा हाकत येतो आणि म्हणतो, राणीचा ठावठिकाणा हवा तर गाड्यात बस. आता गाडा म्हणजे चोर-खुन्यांची धिंड काढण्याचे वाहन. आपल्याकडे गाढवावर बसवावे त्यातलाच प्रकार. लान्सलॉट दोन पावले कचरतो आणि मग चढतो. पुढे तो जिवावर उदार होऊन राणीची सुटका करतो, तेव्हा ती त्याच्याशी बोलेना. कारण काय? ती दोन पावले! वाचणाऱ्याला प्रथम हसू येते. पण दोन पावलांत मान आणि प्रेम यांचे माप काढणारा हा कवी सामान्य नव्हता.

या कल्पित रीती कागदावर राहिल्या असत्या तर इतिहास लिहिणाऱ्याला त्यांच्याशी कर्तव्य नव्हते. पण त्या खऱ्या राजांनी उचलल्या. विंचेस्टरच्या जुन्या वाड्यातल्या दिवाणखान्यात ओक लाकडाचे एक प्रचंड गोल मेज भिंतीवर टांगलेले आहे; व्यास अठरा फूट, वजन सुमारे बाराशे किलो. हेच ते आर्थरचे मेज, अशी कित्येक शतके लोकांची श्रद्धा होती. १९७६ साली लाकडाची शास्त्रीय तपासणी झाली तेव्हा ते तेराव्या शतकातले ठरले. म्हणजे कथा आधी आणि मेज मागून. त्यावरचे रंगकाम तर आठव्या हेन्रीच्या काळातले आहे. त्यात भोवती चोवीस शिलेदारांची नावे आहेत, आणि वरच्या बाजूला, सर्वांच्या डोक्यावर, राजाचे चित्र. वर्गात गोलमेजाची गोष्ट सांगितली की एखादा मुलगा हटकून विचारतो, ‘गुरुजी, मग राजा कुठे बसायचा?’ त्याचे उत्तर विंचेस्टरच्या रंगाऱ्याने देऊन ठेवले आहे.

तिसऱ्या एडवर्डने १३४४ साली विंडसरला तीनशे शिलेदारांचा गोलमेज-संघ काढण्याची घोषणा केली आणि त्यासाठी दोनशे फूट व्यासाची गोल इमारत बांधायला घेतली. ती कधी पुरी झाली नाही. २००६ साली उत्खननात तिच्या पायाच्या खुणा सापडल्या. चार वर्षांनी त्याने ऑर्डर ऑफ द गार्टर हा लहानसा संघ काढला, तो आजही चालू आहे.

फ्रान्सचा राजा दुसरा जाँ याने मात्र ही गोष्ट फारच मनावर घेतली. त्याने आपल्या ताऱ्याच्या संघासाठी पाचशे शिलेदारांची योजना आखली आणि १३५२च्या जानेवारीत पॅरिसजवळ साँ-त्वाँ येथे पहिली मेजवानी दिली. वर्षातून एकदा जमायचे, प्रत्येकाने आपली कर्मे, बरी आणि लाजिरवाणी, खरी खरी सांगायची, कारकुनांनी ती पुस्तकात लिहायची: सारे आर्थरच्या कथेतून जसेच्या तसे. त्यात एका शपथेची भर होती. लढाईतून चार आर्पांपेक्षा जास्त मागे हटायचे नाही; मरायचे किंवा कैद व्हायचे. चार आर्पां म्हणजे पाव मैलही नव्हे. पहिल्याच मेजवानीच्या वेळी गीनच्या किल्ल्याचा अधिकारी साँ-त्वाँला मानाने जेवायला आलेला असताना मागे इंग्रजांनी किल्ला घेतला. आणि त्याच वर्षी १४ ऑगस्टला ब्रिटनीत मोराँ येथे फ्रेंचांचा पराभव झाला, तेव्हा संघाचे ऐंशीहून अधिक शिलेदार जागीच मारले गेले. मागे हटून पुन्हा उभे राहता आले असते अशा जागी ते शपथेसाठी उभे राहिले, असे त्या काळचा बखरकार जाँ ल बेल लिहितो. संघ त्यानंतर सावरला नाही.

कथाकाराला आपल्या कथेसाठी माणसे मेलेली पाहावी लागत नाहीत. मी स्वतः कादंबऱ्या लिहितो; मोराँविषयी वाचल्यापासून पात्राच्या तोंडी शपथ घालताना माझा हात जरा अडखळतो.

या सगळ्या कथांची मोट बांधली ती सर टॉमस मॅलरीने. त्याचा ग्रंथ १४६९-७०मध्ये पुरा झाला आणि कॅक्स्टनने तो १४८५ साली छापला. दरवर्षी पेंटेकॉस्टच्या सणाला गोलमेजाचे सर्व शिलेदार घेत ती शपथ याच ग्रंथात आहे, आणि आधीच्या फ्रेंच ग्रंथांत तिला जोड सापडत नाही. ती मॅलरीची स्वतःची. तिचा मतलब असा: अत्याचार आणि खून करू नये, फितुरीपासून दूर राहावे, अभय मागणाराला अभय द्यावे, स्त्रियांना साहाय्य करावे, आणि अन्यायाच्या बाजूने, कशाच्याही लोभाने, लढू नये.

ही कलमे वरवर पाहता कोणत्याही नीतिपाठात शोभतील अशी आहेत. पण मॅलरीने ती घातली आहेत कुठे ते पाहावे. आर्थरचे लग्न आहे आणि तीन शिलेदार तीन कामगिऱ्यांवर गेले आहेत. गॅवेनने जिंकलेला शत्रू अभय मागतो. गॅवेन रागाच्या भरात ते नाकारून तलवार उगारतो, शत्रूची प्रिया मध्ये झेप घेते आणि तिचेच मस्तक उडते. ते मस्तक गळ्यात बांधून आणि धड घोड्यावर पुढे घेऊन त्याला दरबारात यावे लागते. राणी आणि तिच्या स्त्रिया न्याय करतात, की याने जन्मभर स्त्रियांच्या बाजूने लढावे आणि अभय कधी नाकारू नये. दुसरा, राजा पेलिनोर, कामगिरीच्या घाईत रस्त्याकडेच्या एका बाईची हाक ऐकूनही थांबत नाही. परतताना तिचे प्रेत दिसते, आणि मग कळते की ती त्याची मुलगी होती. तिसऱ्या टॉरलाही अभय मागणाराचे डोके मारावे लागते, कारण तो आधी एका स्त्रीला वचन देऊन बसला आहे. हे तिघे परत आल्यावर मग ती शपथ येते. म्हणजे ती घडलेल्या अपराधांची यादी आहे. शाळेच्या नियमांच्या फळ्यावर ‘खिडकीतून उड्या मारू नयेत’ असे लिहिलेले दिसले की समजावे, कोणीतरी उडी मारलेली आहे.

आणि शपथ मोडायची कशी, तेही मॅलरी दाखवतो. मेलिआगॉन्ट नावाच्या दुष्टाच्या वाड्यात राणी अडकलेली आहे, तिच्या दालनाशेजारी तिचे जखमी सोबती झोपले आहेत. लान्सलॉट खिडकीचे गज उपटून तिच्याकडे जातो, गजांनी हात कापतो, आणि सकाळी तिच्या बिछान्यावर रक्त दिसते. मेलिआगॉन्ट आरोप करतो की रात्री जखमी शिलेदारांपैकी एकजण राणीपाशी होता. आरोपाचा गाभा खरा, शब्द खोटे! तेवढ्या फटीतून लान्सलॉट निसटतो. जखमींपैकी कोणी नव्हता, हे छातीठोकपणे सांगून तो द्वंद्वाला उभा राहतो. आपल्या वाचकाला इथे धर्मराजाचे ‘नरो वा कुंजरो वा’ आठवल्यावाचून राहणार नाही. मेलिआगॉन्ट हरतो आणि अभय मागतो. लान्सलॉट राणीकडे बघतो. ती मानेने खूण करते: नको. आता शपथ आड येते. तेव्हा तो म्हणतो, ऊठ, मी डोके आणि डावी बाजू उघडी टाकतो, डावा हात पाठीशी बांधून घेतो, पुन्हा लढ. लोभाने तो उठतो, आणि लान्सलॉट त्याचे डोके दुभंगतो. सत्याचे कलम शाबूत, अभयाचेही शाबूत. धर्मराजाच्या बाबतीत व्यासांनी निदान त्याचा चार बोटे अधांतरी चालणारा रथ जमिनीला टेकवला. मॅलरी लान्सलॉटला तत्काळ काहीच शासन करत नाही. पण पुढे राणीला जाळण्याच्या खांबावरून सोडवताना तोच लान्सलॉट गर्दीत दोन निःशस्त्र माणसे न ओळखता मारतो. त्यांतला गॅरेथ हा त्याने स्वतःच्या हाताने शिलेदार केलेला. गॅरेथचा भाऊ गॅवेन सूड सोडत नाही, आणि मेज मोडते.

या ग्रंथाची छापील प्रतच साडेचारशे वर्षे लोकांना ठाऊक होती. १९३४ साली विंचेस्टर कॉलेजात वॉल्टर ओकशॉट यांना हस्तलिखित मिळाले, आणि १९४७ साली विनावर यांनी ते छापले. त्यात शपथेचे स्त्रियांविषयीचे कलम कॅक्स्टनच्या छापील कलमाहून लांब निघाले. विधवांचा उल्लेख आहे, त्यांच्या हक्कांना बळ द्यावे असे आहे, आणि आणखी एक गोष्ट आहे: स्त्रीवर कधीही बळजबरी करू नये, केल्यास देहान्त.

आता हे लिहिणारा कोण? बहुतेक अभ्यासक ज्याला ग्रंथकार मानतात तो वॉरिकशरमधला न्यूबोल्ड रेव्हेलचा सर टॉमस मॅलरी. १४५१ साली त्याच्यावर आरोपपत्र झाले. ड्यूक ऑफ बकिंगहॅमला ठार मारण्यासाठी दबा धरणे, गुरे चोरणे, खंडणी, कूम मठावर दरोडा. आणि एकाच विवाहितेवर दोनदा बळजबरी. खटला कधी चालला नाही. राजकीय वैराने आरोप रचले असतील, त्या वेळच्या कायद्यात त्या शब्दाचा अर्थ पळवून नेणे असाही होई, असे त्याचे कैवारी म्हणतात. तो कोल्सहिलच्या कैदेतून खंदक पोहून पळाला, पुन्हा सापडला, वर्षानुवर्षे तुरुंगात राहिला, आणि १४६८च्या आम माफीतून त्याचे नाव मुद्दाम वगळले गेले. माझे मत विचाराल तर, इतक्या आरोपांत काही तथ्य नसेल असे मला वाटत नाही. ते कलम त्याने पश्चात्तापाने घातले की आपण निर्दोष आहोत हे सांगण्यासाठी, हे त्याच्या पोटात शिरून कोणाला पाहता येणार?

ग्रंथाच्या अखेरीस तो वाचणाऱ्या स्त्रीपुरुषांना विनवतो, की मी जिवंत आहे तोवर माझ्या सुटकेसाठी प्रार्थना करा आणि मेल्यावर माझ्या आत्म्यासाठी. १४७१च्या मार्चमध्ये तो वारला. लंडनच्या न्यूगेट तुरुंगाजवळच्या ग्रेफ्रायर्स मठात त्याला पुरले. आपला ग्रंथ छापलेला त्याने पाहिला नाही.